तयारी परीक्षेची आणि निर्वाहाची

(नभोवाणीवरील भाषण)

पदवीपरीक्षेचा निकाल लागला म्हणजे सुशिक्षित घरांत एक प्रश्न हमखास निघतो : आतां पुढें काय ? महाराष्ट्रांतील हजारों घरांत आज ह्या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असतें, आणि तें म्हणजे स्पर्धापरीक्षा. मुलगा हुषार आहे, त्याला वाचनाची आवड आहे, तेव्हां त्यानें लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसावें, असें वडीलधारीं माणसें ठरवितात. आणि मग लातूर, बीड, नांदेड, जळगांव, बुलढाणा अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून तरुण आणि तरुणी पुण्यास येतात. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ ह्या भागांत त्यांच्यासाठीं अभ्यासिका आहेत, खानावळी आहेत, आणि एका खोलींत चार-चार खाटा मांडून त्या महिन्याच्या भाड्यानें देणारीं घरेंहि आहेत. त्याहून पुढें जाणारे दिल्लीस जुन्या राजेंद्रनगरांत किंवा मुखर्जीनगरांत बिऱ्हाड करतात. ह्या तरुणांची मेहनत पाहिली तर कोणाहि विचारी माणसास आदरच वाटेल. परंतु ज्या वर्षांत ही मेहनत होते तीं वर्षें पुन्हां मिळावयाचीं नसतात. म्हणून त्या वर्षांत परीक्षेच्या तयारीबरोबर निर्वाहाचीहि तयारी कशी व्हावी, ह्याचा विचार घरोघरीं आधींच होणें अगत्याचें आहे.

ह्या परीक्षेला समाजांत जो मान आहे तो अकारण नाहीं. सनदी नोकरीसाठीं खुली स्पर्धापरीक्षा लंडन येथें १८५५ सालीं सुरू झाली. ती उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ म्हणजे सत्येंद्रनाथ ठाकूर. त्यांना हें यश १८६३ मध्यें मिळालें व त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यांत झाली. परीक्षा हिंदुस्थानांतहि घेण्यास १९२२ मध्यें प्रारंभ झाला, आणि १ ऑक्टोबर १९२६ रोजीं लोकसेवा आयोग स्थापन झाला. रायगड किल्ल्याजवळील नाते गांवचे चिंतामणराव देशमुख हे १९१८ मध्यें लंडनच्या परीक्षेंत पहिले आले, १९४३ मध्यें रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि १९५० ते १९५६ ह्या काळांत त्यांनीं देशाचें अर्थमंत्रिपद भूषविलें. मराठी घरांत त्यांचें नांव आजहि आदर्श म्हणून घेतलें जातें. त्यांच्या चरित्रांतील एक गोष्ट मात्र मुलांना सहसा सांगितली जात नाहीं. परीक्षेस बसण्यापूर्वीं त्यांनीं केंब्रिज येथें निसर्गविज्ञानाचा, त्यांतहि वनस्पतिशास्त्राचा, कसून अभ्यास करून पदवी मिळविली होती. परीक्षेचा निकाल कांहींहि लागला असता तरी ते रिकाम्या हातांनीं परतले नसते.

आतां आजच्या परीक्षेचे आंकडे पाहावे. २०२३ सालच्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठीं १०,१६,८५० उमेदवारांनीं अर्ज केले. त्यांपैकीं पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष ५,९२,१४१ उमेदवार बसले. त्यांतून मुख्य परीक्षेस १४,६२४ पात्र ठरले, मुलाखतीपर्यंत २,८५५ पोंचले, आणि अखेर १,०१६ जणांची शिफारस झाली. ह्यांत ३५२ मुली होत्या. हजार अर्जांमागें एक निवड, असा हा हिशेब आहे. अर्ज करूनहि जे परीक्षेस आलेच नाहींत त्यांना वगळलें, तरी सुमारें ५८३ जणांत एक हें प्रमाण राहतेंच. ह्या आंकड्यांच्या पोटांत आणखी एक आंकडा आहे, आणि तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. मुलाखतीपर्यंत जाऊन ज्यांचें नांव त्या निकालांत आलें नाहीं असे १,८३९ उमेदवार होते. हे कांहीं आळशी किंवा मंदबुद्धि तरुण नव्हेत. सहा लाखांच्या गर्दींतून ते पहिल्या तीन हजारांत आलेले होते. जागा हजार असतील तर योग्यता असलेलाहि पुष्कळ वेळां बाहेर राहणारच. तो जागांच्या संख्येचा परिणाम आहे, आणि त्यावरून माणसाची किंमत ठरत नाहीं.

नियमानें ह्या परीक्षेस मर्यादा घातलेली आहे. खुल्या प्रवर्गांतील उमेदवारास २१ ते ३२ वर्षें वयापर्यंत सहा वेळां बसतां येतें. इतर मागास वर्गांतील उमेदवारास ३५ वर्षांपर्यंत नऊ वेळां, आणि अनुसूचित जाति-जमातींतील उमेदवारास ३७ वर्षांपर्यंत. परंतु पुष्कळ घरांत ह्या मर्यादेचा अर्थ उलटा घेतला जातो. सरकारनें बत्तीस वर्षांपर्यंत मुभा दिली आहे, म्हणून बत्तिसाव्या वर्षापर्यंत वाट पाहावी, असें समजलें जातें. सरकारी मर्यादा एवढेंच सांगते कीं दार केव्हां बंद होईल. दाराशीं किती दिवस उभें राहावें, हें ज्यानें त्यानें आपल्या घरची स्थिति पाहूनच ठरविलें पाहिजे.

हें ठरविणें उत्तरोत्तर अवघड होत जातें, आणि त्याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. पहिल्या वर्षीं अपयश आलें तर तरुण सहज म्हणतो कीं, आणखी एकदां पाहूं. चौथ्या वर्षीं तो म्हणतो कीं, आतां चार वर्षें घातलीं आहेत, तीं फुकट कशीं घालवावीं ? गेलेलीं वर्षेंच पुढच्या वर्षांना ओढून नेतात. त्यांत यंदा दोनच गुणांनीं हुकलें, हा विचार आशेला नवी धार देतो. शिवाय परीक्षेचें स्वरूपहि स्थिर राहत नाहीं. केंद्रीय पूर्वपरीक्षेंतील वैकल्पिक विषय जाऊन २०११ मध्यें कलचांचणीची प्रश्नपत्रिका आली. २०१३ मध्यें मुख्य परीक्षेची रचना बदलली. २०१५ मध्यें ती कलचांचणी केवळ पात्रतेपुरती उरली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचें २०२२ मध्यें जाहीर झालें, त्यावर पुण्यांत विद्यार्थ्यांचें आंदोलन झालें, आणि तो बदल २०२५ पासून लागूं करण्याचें ठरलें. अशा प्रत्येक बदलाबरोबर जुन्या अभ्यासाचा कांहीं भाग निरुपयोगी होतो आणि थकलेल्या विद्यार्थ्यास पुन्हां आरंभापासून सुरुवात करावी लागते. म्हणूनच मर्यादा ठरवावयाची ती पहिल्या दिवशीं, मन ताजें असतांना. अपयशाच्या संध्याकाळीं ती ठरत नाहीं.

ती कशी ठरवावी ? घर सोडून पुण्यास जाण्यापूर्वीं तरुणानें आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणाऱ्या मागील प्रश्नपत्रिका घ्याव्या. पूर्वपरीक्षेची सामान्य अध्ययनाची पत्रिका शंभर प्रश्नांची, दोन तासांची व दोनशें गुणांची असते, आणि चुकलेल्या उत्तरास त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण वजा होतात. घरींच घड्याळ लावून अशा तीन-चार पत्रिका सोडवाव्या, आणि सहा महिने घरीं राहून अभ्यास करून पुन्हां तशाच सोडवाव्या. प्रगति दिसली तर पुण्याचा खर्च करण्यास आधार आहे. न दिसली तर तेंहि ज्ञान स्वस्तांत मिळालें असें समजावें. ह्यानंतर कुटुंबानें एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्या : किती वेळां बसावयाचें, एकंदर किती पैसा लावावयाचा, आणि कोणत्या सालच्या कोणत्या महिन्यांत हा विषय बंद करावयाचा. मुलासाठीं तीन वर्षें लिहिलीं तर मुलीसाठींहि तीनच लिहावीं. पुष्कळ घरांत मुलीची मुदत तिच्या लग्नाच्या बोलण्यावर अवलंबून असते, आणि मुलाची मुदत कशावरच अवलंबून नसते; हा भेद न्यायाचा नाहीं.

मर्यादेइतकेंच महत्त्व दुसऱ्या विद्येला आहे. परीक्षेचा अभ्यास चालूं असतांनाच निर्वाहाचें एखादें साधन हातीं येईल अशी व्यवस्था प्रत्येकानें करावी, आणि तें साधन शक्यतों परीक्षेच्या अभ्यासाला जुळणारें निवडावें. वाणिज्य शाखेच्या पदवीधरानें हिशेबलेखन व करविषयक काम शिकावें. वाणिज्य व लेखाशास्त्र हा मुख्य परीक्षेंतील एक वैकल्पिक विषयहि आहे. कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेणाऱ्याला राज्यघटनेचा अभ्यास दोन्हीकडे उपयोगीं पडतो. कृषि-पदवीधरानें मातीपरीक्षणाचें किंवा बियाणें व खतें ह्यांच्या व्यापाराचें काम जवळून पाहावें. अभियंत्यानें १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालीं एखाद्या कारखान्यांत वर्षभर काम करून मग परीक्षेकडे वळावें. ह्यांत एक वर्ष जातें असें वाटेल. परंतु तें वर्ष पुढें कोणत्याहि अर्जांत मानानें लिहितां येतें.

एक मार्ग बंद झाला असतां शिकलेली दुसरी विद्या माणसाला कोठवर नेते, ह्याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे चित्रकार होण्यासाठीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले होते. रंग ओळखण्यांत त्यांच्या दृष्टीला दोष आहे असें आढळून आलें, आणि चित्रकलेचा मार्ग खुंटला. तेव्हां त्यांनीं यांत्रिक रेखनाकडे लक्ष दिलें व मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेंत ते शिक्षक झाले. पुढें बेळगांवचें सायकलींचें दुकान, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्यें औंध संस्थानांत वसविलेली किर्लोस्करवाडी, हा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. डोळ्यांनीं दगा दिला तेव्हां हाताजवळ रेखनाची विद्या होती, हें त्या इतिहासाचें पहिलें पान आहे.

नोकरी देणाऱ्यांची एक अडचणहि तरुणांनीं समजून घ्यावी. चार-पांच वर्षें अभ्यासिकेंत घालविलेल्या उमेदवाराजवळ माहितीचा मोठा सांठा असतो. राज्यघटना, अर्थसंकल्प, भूगोल, इतिहास ह्यांवर तो तासभर बोलूं शकतो. परंतु त्याचीं तीं वर्षें एकट्यानें, मौनांत, एका टेबलाशीं गेलेलीं असतात. कचेरींत वरिष्ठाची सूचना नीट ऐकणें, चार माणसांबरोबर काम वांटून घेणें, तापलेल्या ग्राहकाशीं शांतपणें बोलणें, ठरल्या दिवशीं काम पुरें करणें, ह्या संवयी अभ्यासिकेंत लागत नाहींत. ही उणीव भरून काढण्यास फार वेळ लागतो असें नाहीं. आठवड्यांतून सहा-सात तास शिकवणी, भाषांतर, एखाद्या संस्थेचे हिशेब किंवा ग्रंथालयाचें काम केलें तरी ती पुष्कळ भरून निघते, आणि खोलीचें भाडेंहि कांहीं अंशीं सुटतें. अभ्यासासाठीं लिहिलेले चांगले निबंध व टिपणें जपून ठेवावीं. मध्यंतरीं काय केलें, असें कोणी विचारलें तर तीं पुढें ठेवतां येतात. शेवटच्या पायरीपर्यंत पोंचून निवड न झालेल्या व संमति देणाऱ्या उमेदवारांची माहिती नोकरी देणाऱ्या संस्थांना मिळावी, अशी सोय केंद्रीय आयोगानेंहि केली आहे. ‘प्रतिभा सेतु’ ह्या नांवानें ती २०२५ पासून चालूं आहे. संबंधितांनीं तिचा उपयोग करून घेण्यांत संकोच मानूं नये.

आतां दोन शब्द आईबापांसाठीं. परगांवीं राहणाऱ्या मुलाचा फोन आला कीं, कितपत आलें, हा प्रश्न विचारण्याचा मोह आवरावा. दर दिवाळीस पाहुण्यांसमोर त्याचा निकाल विचारूं नये. कागदावर जी मुदत ठरली असेल तिच्या आंत त्याच्यावर विश्वास ठेवावा, आणि मुदत भरल्यावर मात्र, आणखी एकदां, असें म्हणण्यास त्याला आपणहून भाग पाडूं नये. कित्येक तरुणांना परीक्षा सोडावयाची असते; गांवांत तोंड कसें दाखवावें, ह्या एकाच धास्तीनें ते पुण्यांत राहतात, आणि घरून येणाऱ्या पैशांबद्दल मनांतल्या मनांत झुरत असतात. अशा मुलाला, तूं घरीं ये, पुढचें मिळून पाहूं, एवढें वाक्य वेळेवर ऐकावयास मिळालें तर त्याचीं उरलेलीं वर्षें वांचतात. तो परत येतो तो कांहीं हरलेला म्हणून येत नाहीं. त्याला लिहितां, वाचतां, विचार करतां येतो, आणि देशाचा कारभार कसा चालतो ह्याची त्याला इतरांहून अधिक जाण असते.

शासनाला चांगले अधिकारी हवेच आहेत, आणि ज्यांना ती ओढ आहे त्यांनीं अवश्य परीक्षेस बसावें. मात्र यंदा ज्या घरांतून कोणी पुण्यास किंवा दिल्लीस निघणार असेल, त्या घरानें सामान बांधण्यापूर्वीं एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. कागद, पेन्सिल आणि मागच्या सालची एक प्रश्नपत्रिका एवढें साहित्य पुरे. किती वर्षें, किती पैसा, आणि दुसरी विद्या कोणती, हीं तीन उत्तरें त्या कागदावर लिहून झालीं म्हणजे मग गाडीचें तिकीट काढावें.