वाघोबा कोणत्या रकान्यांत ?

(आळंदी येथें केलेलें भाषण)



याच आपल्या खेड तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकराच्या डोंगरांत, महादेव कोळी बांधव राहतात. वसुबारसेला आपण गाय-वासरूं पूजतों. त्याच दिवशीं त्यांची वाघबारस असते. गुराखी वाघोबाला खिरीचा नैवेद्य दाखवितात आणि गुरें राखण्याची विनवणी करितात. त्याला पोथी लागत नाहीं कीं भट लागत नाहीं.

आतां सरकारदरबारीं या वाघोबाचें काय होतें तें ऐका. आदिवासी मुलाचा जमातीचा दाखला पडताळणीस गेला कीं चौकशी होते : घरचें दैवत कोणतें ? लग्न कसें लागतें ? मयताला माती देतां कीं अग्नि ? १९९४ सालीं एका महादेव कोळी दाव्याच्याच खटल्यांत सुप्रीम कोर्टानें ही चौकशी घालून दिली. २०२३ सालीं त्याच कोर्टानें सांगितलें कीं, एवढ्यावरूनच निकाल करूं नये. बरोबरच आहे. शहरांत वाढलेल्या पोराला पणजोबाची रीत कुठून ठाऊक असणार ?

म्हणजे एका कचेरींत वाघोबा पुरावा ! पण खानेसुमारींत ? इंग्रजी अमदानींत आदिवासींचा धर्म निराळा मोजीत. पुढें तो रकाना गेला. तरी २०११ सालीं सुमारें ४९ लाख लोकांनीं ‘इतर’ मध्यें ‘सरना’ असें लिहविलें. झारखंडच्या विधानसभेनें २०२० सालीं निराळ्या रकान्याचा ठराव केला. इकडे कांहीं मंडळी म्हणतात, ख्रिस्ती झालेल्याचें आदिवासीपण काढून घ्या. परंतु घटनेच्या ३४२ व्या कलमांत जमातीला धर्माची अट नाहीं.

आतां आमची स्वतःची चूक सांगतों. २०११ ची मोजणी आम्हां मास्तरांकडे होती. डोंगरांतल्या एका ओट्यावर म्हातारी नाचणी पाखडीत होती. आम्हीं नांव पुसलें, वय पुसलें. धर्म पुसलाच नाहीं. ‘हिंदू’ लिहिलें आणि उठलों. ती कदाचित् तेंच म्हणाली असती. तिकडे गळ्यांत तुळशीची माळ असलेले पुष्कळ आहेत, आळंदीची वारीहि करितात. पण उत्तर तिचें होतें. जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला, तो देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको म्हणून. त्या दिवशीं त्या ओट्यावर दलाल आम्हीच होतों.

डोंगरांत कोणी ओळखीचें असेल त्यास एवढें कळवा. पुढच्या मोजणीला माणूस दारीं आला म्हणजे धर्माच्या रकान्यांत काय भरलें तें त्याला मोठ्यानें वाचावयास सांगा. संकोच करूं नका. तो बहुधा आमच्यासारखाच मास्तर असेल.