मामांची स्प्रिंग



"साहेब, सहा महिने मटण तोंडाला लावलं नाही. तांबडा-पांढरा बंद. तरी मामांची स्प्रिंग परत बुजली कशी?"

आपल्या कोल्हापुरात स्टेंटला स्प्रिंगच म्हणतात, आणि हा प्रश्न मी कितीदा ऐकलाय याची गणती नाही. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संशय असतो: मामांनी चोरून खाल्लं असणार! आज मी मामांची बाजू मांडणार आहे.

पहिल्या काही महिन्यांत स्टेंटच्या आत जे वाढतं, ती बहुतेक वेळा चरबी नसते. ती असते मामांच्या रक्तवाहिनीचीच भिंत. या भिंतीच्या मधल्या थरात मऊ स्नायूंच्या पेशी असतात. वाहिनी आवळायची, सैल सोडायची, एवढंच त्यांचं काम. एरवी त्या जागा सोडत नाहीत. पण स्टेंट बसवताना फुगा फुगवून वाहिनी रुंद केली, की आतलं नाजूक अस्तर फाटतं. तिथे प्लेटलेट्स चिकटतात आणि एक प्रथिन सोडतात. त्याचं नाव पीडीजीएफ.

पुढचं समजायला खासबागेच्या कुस्ती मैदानात जाऊ. कुस्ती लागण्याआधी दोन पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावतात. घामेजलं अंग निसटतं. माती लागली की पकड बसते. पेशीच्या पृष्ठभागावर पीडीजीएफ ओळखणारे रिसेप्टर सुटे सुटे फिरत असतात. पीडीजीएफ दोन बाजूंनी दोघांना धरतो आणि जवळ आणतो. मग पेशीच्या आतल्या बाजूला ते दोघे एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. हीच ती माती! जिथे फॉस्फेट लागलं, तिथेच आतल्या इतर प्रथिनांना पकड मिळते आणि निरोप पुढे जातो. कुस्तीशी साम्य इथे संपतं, कारण चितपट कोणीच होत नाही.

निरोपाची एक वाट पेशीकेंद्राकडे जाते: विभाजन सुरू कर. दुसरी वाट पेशीच्या सांगाड्याकडे: चल. ज्या बाजूला पीडीजीएफ जास्त, त्या बाजूला पेशी पातळ पदर पुढे सारते, तो चिकटवते आणि मागचं अंग ओढून घेते. वाटेतला लवचिक पडदा विकरांनी कुरतडून ती आत शिरते. आवळण्याचं काम सोडून आता ती गवंडी झालेली असते.

प्लेटलेट्सचा हा हात रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये अमेरिकेत दाखवला. माकडाच्या धमनीतल्या या पेशी गोठलेल्या रक्तापासून काढलेल्या द्रवात झपाट्याने वाढत. प्लेटलेट्स आधीच काढून टाकल्या तर जेमतेम. तेव्हा ही निव्वळ प्रयोगशाळेतली गोष्ट होती. 1977 मध्ये झुरिकला ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीची फुग्याने पहिली अँजिओप्लास्टी केली, आणि पुढच्या वर्षांत दिसू लागलं की सुमारे एक तृतीयांश रुग्णांची वाहिनी सहा महिन्यांत परत अरुंद होते. धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, बसवली, तर पेशी जाळीतून आत आल्या.

या पेशींना शत्रू मात्र म्हणू नका. चरबीच्या साठ्यावर टणक झाकण त्याच घालतात. ते झाकण पातळ होऊन फुटलं, की हार्ट अटॅक. मला तर त्यांची दयाच येते; जखम दिसली म्हणून धावत आल्या, एवढाच त्यांचा गुन्हा.

हल्ली स्टेंटला औषधाचा लेप असतो. त्यातलं पहिलं गाजलेलं औषध सिरोलिमस. पीडीजीएफचा निरोप ज्या टप्प्यांवरून जातो, त्यातला एक ते बंद करतं. पेशी वाढायची थांबते, सरपटणंही मंदावतं. पण फाटलेलं अस्तर भरून येणंही लांबतं, तोवर उघड्या जाळीवर गुठळी होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या त्या दोन गोळ्या त्यासाठी असतात. "आता बरं वाटतंय" म्हणून मामा परस्पर बंद करतात त्याच!

योगायोग असा की सिरोलिमसही मातीतूनच आलं. 1964 मध्ये एका कॅनेडियन मोहिमेने ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. त्यातल्या जिवाणूपासून हे औषध माँट्रियलमध्ये वेगळं केलं सुरेंद्रनाथ सेहगल या आपल्या भारतीय शास्त्रज्ञाने. ते ज्या कंपनीत होते तिने हे काम बंद केलं, तेव्हा त्यांनी थोडा साठा घरच्या फ्रीजमध्ये ठेवला आणि पुढे काही वर्षांनी काम पुन्हा सुरू करून घेतलं. जानेवारी 2003 मध्ये सेहगल गेले. त्या औषधाच्या स्टेंटला अमेरिकेत परवानगी मिळाली, ती त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये.