शनिवारची वही

अकरावी १९७३च्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी अकरावीपर्यंत तुमच्याबरोबर नव्हते. नववी झाली आणि १९७१ साली आमचं बिऱ्हाड अलिबागच्या इस्रायल आळीतून थेट नेगेवच्या वाळवंटात, दिमोनाला गेलं. तरी तुम्ही मला आपल्यात धरलंत.

शनिवार आमचा शब्बाथ. त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे आमचे पूर्वज कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. शनिवारी सकाळी आपली शाळा असायची आणि मी लिहीत नसे. बाईंनी एकदाच विचारलं, “ऐकायला चालतं ना?” मग मी नुसती ऐकायची आणि रविवारी शेजारणीची वही उतरवून काढायची. ती शेजारीण आज समोरच बसली आहे.

दिमोनात वाटलं, आता सगळेच आपले. पण माझ्या रंगावरून वर्गात मला नाव पडलं. एका शिक्षकांनी आडनावातला ‘कर’ काढायला सुचवलं. मोठी माणसं म्हणत, तुमचं बरंय. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींनी आमच्या लग्नांआधी वंशावळ तपासायला सांगितलं होतं. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा १९६४मध्ये संसदेनं आम्ही सर्वार्थानं ज्यू असल्याचा ठराव केला. पण वर्गातल्या नजरा काही ठरावानं बदलत नाहीत.

म्हणून मीच बदलले. ‘कर’ गेला. आई साडी नेसून शाळेच्या फाटकाशी यायची, मराठीत हाक मारायची. एकदा मैत्रिणींसमोर मी ओळख न दाखवता पुढे निघून गेले. घरी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र फाटकाऐवजी कोपऱ्यावर थांबू लागली. ते मला आजही सलतं.

माझ्या मुलीच्या जन्मानंतर आईनं मलिदा केला. पोहे, खोबरं, फळं, एलियाहू संदेष्ट्याचं नाव आणि सगळ्या सूचना मराठीत! त्याच वर्षी मी कागदोपत्री ‘कर’ परत लावला. आई म्हणाली, “मोठ्यानं वाच.”

पुढे मी शिक्षिका झाले. इथिओपियाहून मुलं वर्गात आली, तेव्हा कार्यालयानं त्यांना नवी नावं दिली होती. मी प्रत्येकाला विचारलं, “घरी तुला काय म्हणतात?”

बाई, हा प्रश्न विचारायला मी तुमच्याकडूनच शिकले.