बोलणारी आणि लिहून घेणारे
(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या विचारपरंपरेचा आरंभ सोजर्नर ट्रुथच्या भाषणापासून करण्याचा प्रघात आहे. मीही तो पाळणार आहे. मात्र आधी एक कबुली द्यावयास हवी. याच वर्गात पूर्वी वाटलेला त्या भाषणाचा मराठी अनुवाद माझा होता, आणि तो चुकीच्या पाठावरून केलेला होता.

मे १८५१ मध्ये ओहायोतील ॲक्रन येथे स्त्री-हक्क परिषदेत ती बोलली. स्वतः निरक्षर. सभेस उपस्थित असलेले संपादक मेरियस रॉबिन्सन यांनी ते भाषण पुढच्याच महिन्यात आपल्या पत्रात छापले. ‘मी स्त्री नाही काय?’ हा जगप्रसिद्ध प्रश्न त्यात कोठेही नाही. तो आला १८६३ साली, परिषदेच्या अध्यक्षा फ्रान्सिस गेज यांनी आठवणीतून लिहिलेल्या पाठात. गेजबाईंनी तिच्या तोंडी दक्षिणेकडील गुलामांची बोली घातली. वस्तुतः ट्रुथ जन्मली न्यूयॉर्क राज्यात, आणि तिची पहिली भाषा डच! अपत्ये पाच होती, ती तेरा झाली. गेजबाई गुलामगिरीच्या कट्टर विरोधक होत्या. हेतूविषयी शंका नाही. परंतु एकीकडून गुलाम व दुसरीकडून स्त्री पुढे सरसावत असल्याने पुरुष कात्रीत सापडला आहे, हा रॉबिन्सनच्या पाठातील समारोप गेजबाईंच्या पाठात समारोप म्हणून येत नाही; तशा आशयाचे वाक्य तेथे आरंभीच, वेगळ्या शब्दांत येते. 

शंभर वर्षांनंतरचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या कॉम्रेड क्लॉडिया जोन्स यांनी १९४९ च्या आपल्या लेखात वंश, वर्ग आणि लिंग या तिहेरी शोषणाची मांडणी केली. घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीशी पुरोगामी म्हणविणारे कसे वागतात, हेही त्यांनी भीड न ठेवता लिहिले. (तो भाग येथे दोनदा वाचावा, अशी माझी सूचना आहे.) १९५० च्या महिलादिनी त्यांनी शांततेसाठी केलेले भाषण लेखरूपाने प्रसिद्ध झाले, आणि स्मिथ कायद्याखालील खटल्यात तेच पुरावा ठरले. १९५३ मध्ये शिक्षा सुनावली जाण्यापूर्वी त्यांनी न्यायाधीशांना सुनावले, की सरकारने लेखाचे शीर्षकपान तेवढे दाखविले. त्यातील एक ओळ वाचण्याचेही धाडस त्याला झाले नाही. १९५५ मध्ये त्यांना तुरुंगात टाकण्यात आले आणि त्याच वर्षअखेर ब्रिटनला हद्दपार करण्यात आले.

ते न्यायालयीन निवेदन व ट्रुथच्या भाषणाचा १८५१ चा पाठ मी नव्याने मराठीत केला आहे. प्रती दाराजवळ ठेवल्या आहेत. जुना अनुवाद ज्यांच्यापाशी असेल, त्यांनी तो कृपया परत करावा.