उरलेले तीन किलोमीटर
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



आरती झाली आहे आणि पंगत बसायची आहे. अशा वेळी बोलणाऱ्याने थोडक्यात आवरावे हे मला कळते. म्हणून भाषण न करता एक हिशेब मांडतो.

कर्करोगाच्या उपचारासाठी बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना इथली एक संस्था राहायला जागा देते. माझी पत्नी तिथे दर शनिवारी जाते. 2019 च्या उन्हाळ्यात तिथले गळके पत्रे पावसाआधी बदलायचे होते. खर्च 16 हजार. त्या मे महिन्यात आपल्या शहरात होणारी 10 किलोमीटरची शर्यत धावायचे मी ठरवले. वय 52, नोकरी बँकेतली आणि धावण्याचा अनुभव बस पकडण्यापुरता!

किलोमीटरला दहा रुपये, असे 160 जणांकडून कबूल करून घेतले. खरे सांगतो, धावण्यापेक्षा मागणे जड गेले. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, पण हात पसरायची सवय नव्हती. मात्र "मी धावतोय" म्हटले की बोलायला तोंड फुटायचे आणि समोरचाही हसून नाव लिहायचा.

सातव्या किलोमीटरला गुडघ्याने दगा दिला. वैद्यकीय मदतकेंद्रात बर्फ लावून बसलो आणि डोक्यात आकडेमोड सुरू झाली. माणशी 70 म्हणजे 11,200. तूट 4,800. पुष्कळांनी "पूर्ण शंभर घ्या" म्हटले, पण न धावलेल्या अंतराचे पैसे घ्यायला मन धजेना.

तेव्हा टेरी फॉक्सची आठवण झाली. हाडाच्या कर्करोगामुळे 1977 मध्ये या कॅनडाच्या मुलाचा उजवा पाय कापावा लागला. 12 एप्रिल 1980 रोजी तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. कर्करोग संशोधनासाठी देशातल्या दर माणसामागे एक डॉलर, एवढेच मागणे. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला. मग रोग फुप्फुसात पोचल्यामुळे थांबावे लागले. फेब्रुवारी 1981 पर्यंत निधी 2 कोटी 41 लाख डॉलरवर गेला, म्हणजे माणशी डॉलर जमला. जूनमध्ये, 22 व्या वर्षी, तो गेला. सप्टेंबरात त्याच्या नावाने पहिली दौड झाली, तेव्हा सुमारे 3 लाख लोक उतरले. त्याची धाव अपुरी राहिली, पण काम लोकांनी उचलले.

ही गोष्ट मी आपल्या मंडळातल्या एका काकूंना सांगितली. वय 71. त्या म्हणाल्या, "मग तुमचे तीन किलोमीटर आम्ही चालतो. तुम्ही वही घेऊन बाकावर बसा."

जूनच्या एका रविवारी कबन पार्कात 23 जण चालले. काकू सर्वांत शेवटी आल्या, पण पूर्ण चालून आल्या. मी प्रत्येकाच्या नावापुढे खूण केली. मग त्या 160 जणांकडून उरलेले तीस-तीस रुपये निःसंकोच घेतले. पावत्या संस्थेच्याच नावाने दिल्या. जूनअखेर पत्रे बसले.

मंडळी, कुणाला धावता येते, कुणाला चालता येते, कुणाला वही सांभाळता येते. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सहाला कबन पार्कात पुन्हा तीन किलोमीटर चालायचे आहे. वही प्रसादाच्या टेबलावर ठेवली आहे. नाव लिहूनच पानावर बसावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!