पुस्तकातला चौकोन



भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात. आमच्या गावांकडे आता गोदामंच जास्त. माणकोलीपासून पडघ्यापर्यंत, नाशिक हायवेच्या दोन्ही अंगांना जिथे भात व्हायचा तिथे पत्र्याच्या शेडी उभ्या आहेत. आमच्या गटांतल्या कितीतरी जणी तिथे पॅकिंगला जातात.

मागच्या जूनमधली गोष्ट. बैठकीला आलेल्या एका ताईच्या मांडीवर लेकीचं सातवीचं पुस्तक होतं. ही ताई दिवसभर हातात स्कॅनर धरून खोक्यांवरचे कोड वाचते. पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन दिसला, तशी म्हणाली, “अगं, हा तर गोदामातला! इथे कशाला?” आम्ही सगळ्या गप्प. समन्वयक म्हणवणाऱ्या, बी.ए. झालेल्या आम्हालाही तो कधी उघडून बघावासा वाटला नव्हता.

तो क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी मुलांच्या पुस्तकांना असे कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा १० लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटली. आणि लांब कशाला जायचं, आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात, पाष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड गुरुजींनी लोकसहभागातून टॅबलेट आणले. आदिवासी पाडा तो! गाव लहान, शाळा लहान, ही सबब आता सांगता येत नाही.

आमची अडचण वेगळीच निघाली. घरात फोन एक, तोही नवऱ्याच्या खिशात. घरी आला की आधी मुलगा घेतो. मुलीची पाळी भांडी घासून झाल्यावर, तोवर बॅटरी संपलेली. एकीने लेकीच्या फोनसाठी गटातून कर्ज मागितलं. आमच्यातल्या आजी उसळल्या, “कर्ज शेळीला द्या, बियाण्याला द्या. फोनला दिलंत तर गट बुडेल!” खरं सांगतो, आम्हालाही त्यांचं पटलं. फोन घेतला तरी तो मुलीच्याच हातात राहील, याची हमी कोण देणार?

बरीच वादावादी झाली. शेवटी बैठकीला उशिरा येणाऱ्यांकडून जमलेल्या दंडातून एक जुना फोन घेतला. तो ठेवला आजींच्याच घरी. रोज संध्याकाळी ६ ते साडेसात त्यांच्या ओटीवर पोरं बसतात. फोन आधी मुलींच्या हातात, हा नियम आजींचा. त्यांच्यापुढे कुणाची बिशाद!

तुम्हालाही करता येईल. फोनवर दीक्षा ॲप घ्यायचं, ते फुकट आहे. इयत्ता निवडायची आणि पुस्तकातला चौकोन कॅमेऱ्यासमोर धरायचा. कॅमेरा फुटलेला असेल तर चौकोनाखालची सहा अक्षरं-आकडे टाइप करायचे. आमच्याकडे ओटीवर रेंज नाही, म्हणून कुणीतरी सकाळी बस थांब्यावर जाऊन धडे उतरवून आणतं. मग ते नेटशिवाय चालतात.

सगळं सुरळीत आहे असं नाही. दोन मुलींना घरून येऊ देत नाहीत. “फोनवर काय बघतात कोण जाणे,” असं वडील म्हणतात. आम्ही त्यांना ओटीवर येऊन बसा म्हटलं. एक आले, दुसरे अजून नाही. दहावीतली एक तर परीक्षा झाली की थेट पॅकिंगला जाणार, असं घरात ठरलंय. काम वाईट नाही, आम्हीही करतो. पण आम्ही जातो त्या गोदामांत खोकी भरायला आमच्या बायका आणि संगणकावर नोंदी करायला बाहेरची माणसं, हे रोज डोळ्यांना दिसतं.

अशा नोंदी करणारी एक ताई येत्या शुक्रवारी ओटीवर येणार आहे. माल आला-गेला ते संगणकावर कसं चढवतात, हे ती मुलींना दाखवेल. त्या दहावीतल्या मुलीच्या आईलाही बोलावलंय. जवळपासच्या गटांनी मुलींना साडेपाचलाच पाठवा, ताईला सातच्या पाळीला जायचं असतं.