होडीवरचा पहिला थर



मुंबईच्या मार्वेहून खाडी ओलांडून मनोरीला उतरणाऱ्याला बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसतात आणि नांगरलेल्या होड्या. अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजेच यूडब्ल्यूबी, आणि थराथरांचे संपर्कजाळे हा या अधिवेशनाचा विषय. त्याची खरी परीक्षा याच होड्यांवर व्हायला हवी.

यूडब्ल्यूबीचा इतिहास बोलका आहे. अमेरिकेच्या दूरसंचार नियामक एफसीसीने फेब्रुवारी २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा त्याला खुला केला, पण दर मेगाहर्ट्‌झमागे सुमारे ७५ नॅनोवॅटचीच मुभा दिली. सगळा पट्टा वापरला तरी बेरीज अर्ध्या मिलिवॅटच्या थोडी वर जाते. एवढ्याशा शक्तीवर केबलची जागा घेण्याचे स्वप्न पाहिले गेले. मानके ठरवणाऱ्या आयईईईच्या ८०२.१५.३ए गटात दोन तट पडले, एकमत होईना आणि जानेवारी २००६ मध्ये गट बरखास्त झाला. २००७ च्या ८०२.१५.४ए मानकात मात्र याच तंत्राकडे अंतर मोजण्याचे काम आले आणि तिथे ते रुळले. २०१९ मध्ये ते आयफोन ११ मध्ये पोहोचले.

त्याचे बळ स्पंदाच्या तोकडेपणात आहे. एका नॅनोसेकंदात रेडिओलहर ३० सेंटिमीटर जाते. स्पंद तेवढाच आखूड असला, की इंजिनावर आपटून उशिरा आलेला प्रतिध्वनी थेट आलेल्या स्पंदापासून वेगळा काढता येतो आणि माणसाची जागा वीतभराच्या फरकाने कळते.

होडीवर याचा उपयोग असा. चार कोपऱ्यांना चार स्थिर नोड, प्रत्येक खलाशाच्या लाइफ जॅकेटला एक टॅग. रात्री जाळे ओढताना कोणी पाण्यात पडला, तर खारे पाणी या लहरी गिळून टाकते. बुडालेला टॅग गप्प होतो आणि होडी चालवणाऱ्या तांडेलाजवळचा भोंगा वाजतो.

पण खलाशी बर्फाच्या खणात उतरला तरी टॅग गप्पच होतो. मग निवाडा शेवटच्या नोंदीवर: ती कठड्याबाहेरची की खणाच्या तोंडाशी? वीतभराची अचूकता इथे जिवाच्या मोलाची ठरते. दोनदा खोटा भोंगा वाजला, तर तिसऱ्यांदा तांडेल तो बंदच करून ठेवील.

होडीच्या काठापाशी यूडब्ल्यूबीचे काम संपते. पुढचा थर किनाऱ्याजवळ मोबाइलचा, आजूबाजूच्या होड्यांसाठी व्हीएचएफचा आणि खोल समुद्रात उपग्रहाचा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. इस्रोच्या तंत्रावर चालणारी ही उपकरणे म्हणजे संपर्कजाळ्याचा तयार असलेला वरचा थर. सेकंदाला अनेकदा होणारी मोजमापे त्यावर लादण्याचे कारण नाही. कोण पडले, कुठे आणि किती वाजता, एवढे दोन ओळींत वर जावे. आणि वरचा थर तुटला तरी खालचा भोंगा वाजलाच पाहिजे. थर आखण्याचा हा पहिला नियम आहे.

म्हणून अधिवेशनाला एक आग्रहाची विनंती. होडीवरील नोड आणि ट्रान्सपॉन्डर यांच्यातील संदेशाचा खुला नमुना ठरवावा, तो आखताना तांडेलांना बरोबर बसवावे आणि प्रत्येक खोट्या भोंग्याची नोंद ठेवावी. जूनमध्ये मासेमारीबंदी सुरू झाली, की होड्या किनाऱ्याला लागतात. नोड बसवायला तोच काळ आहे.